वायरचाच डबा

आप्पांच्या छातीत पेसमेकर बसवला, त्याच वर्षी मी बीडची नोकरी सोडून केजला घरी आलो. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेला मी पहिला. आप्पांनी किराणा दुकानात दिवसभर उभं राहून मला शिकवलं होतं. त्यांच्याजवळ राहून घरूनच कॉम्प्युटरवर टायपिंगची कामं करावीत असं ठरवलं. त्यासाठी इंटरनेट हवं होतं. पण औरंगाबादच्या डॉक्टरांनी मोबाइल छातीपासून लांब ठेवायला बजावलं होतं, आणि मी इतका धास्तावलो होतो की मोबाइल घरातच आणला नव्हता. फोन होता तो तारेचा, आप्पांच्या पलंगाशेजारच्या फळीवर.

लाइनवर इंटरनेट चालू झालं. राउटर मात्र आपला आपण आणायचा होता. बीडच्या दुकानात मी दोनदा सांगितलं, "बिनवायरचा नको. वडिलांच्या छातीत मशीन बसवलंय."

"वायरचाच हाय, सर." दुकानदारानं डबा उलटा करून मागची भोकं दाखवली. "ह्या बघा, चार वायरी लागत्यात. आनखी किती वायरचा पायजे?"

मी पैसे मोजून डबा घेतला. राउटर मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो.

घरी खोकं उघडलं तर एका पिशवीत बोटाएवढी काळी दांडी निघाली. कुठलीही वस्तू जोडल्यावर हातात काही उरलं तर जोडणी चुकली, असं आप्पा नेहमी सांगायचे. राउटरच्या मागं आटे असलेलं एक टोक होतं. दांडी त्यावर फिरवून घट्ट बसवली. मग फोनची तार, कॉम्प्युटरची तार, शेवटी बटण. फळीवर फोनशेजारी ठेवलेल्या डब्यावर हिरवे दिवे लागले.

"शिकल्याचं चीज झालं बघ," माय दारातून म्हणाली. आप्पा पलंगावर उठून बसले आणि डब्यावर वाकून दिवे बघू लागले.

पुढं काय करायचं ते बघायला मी पुस्तिका चाळली. आत त्या दांडीचं चित्र होतं. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वर्तुळं तिच्यातून निघत होती, पार दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरपर्यंत. मध्ये वायर नव्हती.

मी वर पाहिलं. आप्पांचा हात डाव्या छातीवर गेला होता.

सगळ्या तारा मी एका झटक्यात उपटल्या आणि आप्पांना दंडाला धरून मधल्या खोलीत नेलं. "दुखतंय का? आप्पा, बोला ना."

"कावून दुखंल? लिंगाचा दोरा पिळला होता." आम्ही लिंगायत. चांदीच्या डबीतलं लिंग त्यांच्या गळ्यात असायचं, वाकताना त्याचा दोरा फिरला होता. पण माझा विश्वास बसेना. आप्पा दुखणं सांगणारे नव्हतेच. मागच्या वेळी दुकानात चक्कर येऊन पडले तेव्हाच आम्हाला कळलं होतं.

डॉक्टरांना विचारावं म्हणून फोन उचलला तर तो मुका. त्याचीही तार मीच उपटली होती. सारख्याच दिसणाऱ्या तारा मी एकेक करून लावून बघू लागलो. मायनं रिसीव्हर कानाला लावला. "घाई करू नको, लेका. हां, आता वाजतंय."

डॉक्टर म्हणाले, "डबा एक हात लांब असू द्या, घाबरू नका. चक्कर आली तर मात्र लगेच घेऊन या." मी शेवटचंच वाक्य धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पुन्हा बीड गाठलं.

"दांडी काढून ठिवा की, सर. लोक मागून नेत्यात हे, अन् तुमी परत करताय."

"मला ह्यातलं काहीच नको. नुसता वायरचा द्या."

त्यानं वरच्या फळीवरून एक धुळकट खोकं काढलं. "ह्याला आता कुनी इचारत न्हाई." मी त्याची पुस्तिका दुकानातच उभ्यानं शेवटपर्यंत वाचली. वर्तुळं कुठंच नव्हती.

घरी फोनपासून लांब वायर भिंतीच्या कडेनं नेऊन राउटर आणि कॉम्प्युटर मधल्या खोलीत मांडले. आप्पांना म्हणालो, "तुम्ही जरा बाहेर ओट्यावर बसा." ते खुर्ची ओढून माझ्याच शेजारी बसले.

"मरायचं असंल तर तुज्या डब्याची वाट बघनार न्हाई मी. लाव."

मी बटण दाबलं. पहिलं पान हळूहळू उघडत होतं. मी पडद्याकडे बघत नव्हतो. आप्पांच्या बंडीकडे बघत होतो, ती श्वासाबरोबर वर जाते का, खाली येते का. पान कधी उघडलं ते आप्पांनीच मला सांगितलं.