चक्कीवरचं वजन

माझ्या मुलाला एकदा तापात फिट आली होती. डोळे पांढरे, हातपाय ताठ. तेव्हापासून त्याचं अंग जरा कोमट लागलं तरी मी थर्मामीटर घेऊन बसायचे. आणि त्या रविवारी तो पुन्हा फणफणला. सव्वा वर्षाचं पोर. नवरा ड्यूटीवर, घरात मी आणि सासूबाई.

सकाळी डॉक्टरांनी फोनवर वजन विचारलं. मी आठ किलो सांगितलं, त्यांनी त्या हिशेबाने पाच एमएल सिरप द्यायला सांगितलं. दिलं. ताप उतरतोय कसला! दुपारी पुन्हा तेवढंच दिलं, तरी थर्मामीटर जागचा हलेना. वाटलं, ओतावं आणखी थोडं. हात बाटलीपर्यंत गेलाही. पण जास्त झालं की लिव्हरवर जातं, हे त्याच डॉक्टरांनी बजावलेलं. कमी पडलं तर फिटची भीती, जास्त झालं तर विष. आईने करायचं तरी काय, सांगा ना!

पुढच्या डोसची वेळ झाली तेव्हा पुन्हा फोन लावला. "आठ किलो कब का है? पहले तौलिए, फिर दवा दीजिए," डॉक्टर म्हणाले.

घरात काटा नाही. इंद्रपुरीतल्या आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची चक्की होती, तिथे गव्हाची पोती तोलायचा मोठा काटा. पोराला उचललं आणि अनवाणीच निघाले. मागोमाग सासूबाई धावत आल्या, "अगं, धान्याच्या काट्यावर लेकरू ठेवतात का कुणी!"

मी ठेवलं. त्या गार पत्र्यावर तो रडलासुद्धा नाही, आणि मला जास्तच धडकी भरली. काट्यावर आकडा आला, दहा किलो सातशे.

"आई, लसीच्या दिवशी तुम्हीच आठ म्हणाला होतात ना?" त्या दिवशी मी ऑफिसात होते, त्याच त्याला घेऊन गेल्या होत्या.

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "तेव्हाच दहा भरलं होतं गं. तू ऑफिसातून आलीस आणि दारातच सगळ्यांसमोर विचारलंस. अंगाने भरलेल्या लेकराचं खरं वजन सांगू नये, दृष्ट लागते."

"अहो, मग घरात आल्यावर तरी सांगायचंत!" मी किंचाळलेच. "औषध कमी पडलं त्याला!"

"विसरले गं," म्हणत त्या रडायला लागल्या. मला त्यांची जराही दया आली नाही.

तिथूनच डॉक्टरांना खरं वजन सांगितलं. "साढ़े छह एमएल. अभी दीजिए. सुस्त लगे तो सीधे अस्पताल."

पोराला उचलत होते, तेवढ्यात गव्हाचा डबा घेऊन एक बाई आत आली. "अरे, कितना गोल-मटोल है! कितना वजन निकला?"

"आठ किलो," मी म्हणाले, आणि त्याचं तोंड ओढणीत झाकून घराकडे पळत सुटले.