हिरव्या-जांभळ्याचा बस्ता

वडीगोद्रीत कुणाचं लग्न जमलं, की बस्त्याला जाण्यासाठी आधी नंदाबाईला सांगायचं आणि मग गाडीवाल्याला, असा रिवाजच पडला होता. लग्नाची कापडखरेदी करावी तर नंदाबाईनेच. रंगाच्या बाबतीत तिची नजर म्हणजे गावाचं हायकोर्ट. तिने मोरपंखी म्हटलं की मोरपंखी. एकदा द्वारकाबाईने धीर करून "मला तर ही निळी दिसती" म्हटलं, तर नंदाबाईने तिला थेट मोतीबिंदूच्या शिबिरात नेऊन बसवलं. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. नंदाबाई म्हणाली, डॉक्टर नवा दिसतो.

अशा बाईच्या स्वतःच्या लेकीचा, आकांक्षाचा, आज बस्ता होता. जुन्या जालन्यातलं दुकान. पांढऱ्या गादीवर आत भिंतीला टेकून मुलाकडचे, समोर दाराकडे पाठ करून मुलीकडचे. ही बैठक कुणी मोडत नाही. नवऱ्या मुलाची आई दुर्गाबाई जांब समर्थच्या, आणि पंचाईत अशी की तिथल्या बस्त्यांचं हायकोर्ट त्याच होत्या.

मधे बसलेल्या दुकानदार निजामोद्दीनचाचांनी झटक्यात एक साडी उलगडली. आकांक्षाचा चेहरा खुलला.

"हिरवी! पोरीच्या मनात भरली बघा," नंदाबाई म्हणाली. "काढा बाजूला."

"हिरवीच पायजे," दुर्गाबाई म्हणाल्या, "पण ही तर जांभळी हाय."

"जांभळी? विहीणबाई, चष्मा घरी राह्यला का?"

"माझी नजर बिलकुल बराबर हाय. तुमची तपासून घ्या."

दोघींना हिरवीच हवी होती. एकमत असताना एवढं कडाक्याचं भांडण त्या दुकानाने कधी पाहिलं नसेल. चाचांनी साडी फिरवून धरली, तर दोघी एकदमच ओरडल्या, "ही दुसरी हाय!"

"न्हाई हो, धूपछाव हाय ही," चाचा काकुळतीला आले. "उभा धागा हिरवा, आडवा जांभळा. उजेड एकच, पण एकीकून बघितलं की हा धागा चमकतो, दुसरीकून तो. जागा बदलून बघा, बस."

बस, म्हणे! मुलाच्या आईने उठून पलीकडे जायचं, तर मान गेला. नंदाबाईने जायचं, तर नजर गेली. दोघी गादीला चिकटून बसल्या.

शेवटी दुर्गाबाईंनी पिशवी उचलली. "साडीच्या रंगावरून खोटं पाडून राह्यल्या, मंग म्होरं कसं व्हायचं? चला रे." त्यांची माणसं चपला शोधू लागली. आकांक्षाचे डोळे भरून आले आणि नंदाबाईने लेकीकडे पाहिलं. गावातला मान परत कमावता येईल. ही सोयरीक मोडली तर पोरीला काय तोंड दाखवायचं?

गुडघ्यावर हात टेकून ती उठली. गादी ओलांडून गेली आणि दुर्गाबाईंच्या शेजारी खेटून बसली. चाचांनी साडी आकांक्षाच्या खांद्यावर टाकून तिला समोर उभं केलं.

जांभळी. चक्क, बेशरम जांभळी. नंदाबाईला पहिली आठवण झाली ती बिचाऱ्या द्वारकाबाईची.

"काय दिसतंय?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"जांभळी," नंदाबाई म्हणाली, आणि अख्ख्या दुकानाने ऐकलं.

दुर्गाबाईंचा राग कुठल्या कुठे पळाला. आता त्यांनाच राहवेना. मान बाजूला ठेवून त्या तुरुतुरु पलीकडे गेल्या आणि नंदाबाईच्या जागेवर बसून बघू लागल्या. "अगं बया, हिरवी की वं!" त्या खदखदून हसल्या. "या विहीणबाई, घ्या तुमची जागा. बांधा हो चाचा ही."

नंदाबाई मात्र हलेना. भिंतीला टेकून ती लेकीकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं.

"आता काय झालं?" दुर्गाबाई घाबरल्या. "रंग पसंत न्हाई का?"

"रंगाचं काय न्हाई," पदराने डोळे पुसत नंदाबाई म्हणाली. "तिकून लेकरू दिसत होतं माझं. इकून तुमची सून दिसून राह्यली."