एका बाईसाठी खोली

"पलंग खाली ठेव. आधी पलंग खाली, मग माझ्याशी बोल. ए भैया, तुमसे ही कह रही हूँ, पीछे मत देखो, पीछे दीवार है."

या आवाजाने झाशीच्या किल्ल्यावरची झाडून सगळी कबुतरं उडाली, आणि तिकडे दतियाच्या स्टेशनात बसलेल्या लोकांनी गाडी आली असं समजून गाठोडी उचलली. मी थोडं वाढवून सांगतोय. पण थोडंच.

पलंग माझा होता. घरमालक पंडितजींच्या मुलाचं लग्न ठरलं, त्यांना खोली हवी झाली, आणि मी वीज खात्यात माझी कारकुनी करत असताना त्यांनी दोन पुतण्यांना कामाला लावलं. मी परत येतो तो काय, माझा स्टोव्ह, माझी गादी, माझा दाढीचा आरसा, सगळं नालीच्या कडेला ओळीने मांडलेलं. प्रदर्शनाला आलेल्या पाहुण्यासारखा मी हात मागे बांधून ते बघत उभा राहिलो. आणि दारात, जन्मात कधी न पाहिलेली एक बाई. पायात पुरुषी चपला, काखेत छत्री, हातात स्टीलची झाकणाची डबी.

"मराठी ना रे तू?" तिने मला विचारलं.

"हो. तुम्ही..."

"तुम्ही काय म्हणतोस? हिंदीत आप म्हण, मराठीत तू म्हण. दही कुठून आणतोस?"

मला वाटलं, आज सामानाबरोबर डोकंही रस्त्यावर आलं. "डेअरीतून," मी म्हणालो.

"मग पलंग बाहेर येणारच," ती म्हणाली आणि पंडितजींकडे वळली. "पंडितजी, इसको मैं जानती हूँ. इतना सा था तब से. अच्छे घर का लड़का है. कमरा आपका है, आपको मिलेगा. मगर जिस चौखट से आज किसी की खटिया नाली पर गई, उसी चौखट से कल बहू को अंदर लाओगे?"

ती मला ओळखत होती ती चहाला एक उकळी येईल एवढ्या वेळापासून. पण पंडितजींच्या चेहऱ्यावर ती चौखट दिसायला लागली. दुसरी खोली मिळेपर्यंत मला मुदत मिळाली. ज्या पुतण्यांनी पलंग बाहेर काढला होता त्यांनीच तो आत नेला, आणि त्यातल्या एकाने माझा आरसा पुसूनही दिला.

तिला सगळे जिज्जी म्हणत. आमच्या बुंदेलखंडात मोठ्या बहिणीला म्हणतात तशी जिज्जी. शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेली. नाव कोणाला ठाऊक नव्हतं, आणि इतक्या मोठ्या आवाजाच्या माणसाला नावाची गरज पडते असं कोणाला वाटलंही नाही.

तिची पद्धत अशी. कोणाला घरातून काढतायत असं कानावर आलं की ती आधी जाऊन खोटं बोलायची. "मी ओळखते ह्याला." मग पुढच्या आठवड्यात ते खोटं खरं करायची. त्यासाठी तिच्याकडे ती डबी होती. नव्या खोलीत मला बसवलं त्या दिवशी मी दमून आडवा होणार, तर ही मला हाताला धरून गल्लीत घेऊन गेली. पहिल्या दारात उभी. "बहूजी, ये हमारे भैया हैं, नए आए हैं. दही जमाना है, थोड़ा जामन दे दो." दुसऱ्या दिवशी दुसरं दार. घरचं दही लागलं तरी त्याचं विरजण ठेवायची मला बंदी होती.

"अगं जिज्जी, आता घरात आहे की दही. मागायचं कशाला?"

"खाऊन टाक. उद्या समोरच्या सरदारजींकडे जा. त्यांच्या आईचे गुडघे दुखतात, ते विचार."

"मला दही नको आहे गं."

"तुला नकोच आहे. तुला कोण विचारतंय? सामान कोणाचं रस्त्यावर येतं? गल्ली ज्याला ओळखत नाही त्याचं. तुझा पलंग निघाला तेव्हा एक तरी खिडकी उघडली होती का?"

एकही उघडली नव्हती. त्या हिवाळ्यात मी इतकं दही खाल्लं की मला शिंका आल्या तर गल्लीतल्या म्हशी वळून बघायच्या. पण पुढे मला ताप आला तेव्हा सरदारजींची आई दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून आली, हे मात्र न वाढवता सांगतो.

अर्धी झाशी तिने अशी विरजण मागून बसवली. ज्याचं भांडण कायद्यापर्यंत गेलं त्याला ती कचहरीत गरिबांचं काम फुकट करणाऱ्या वकिलाकडे न्यायची आणि वकीलसाहेबांना जेवणाच्या डब्यावरून उठवायची. एका धर्मशाळेचे मॅनेजर तर तिची छत्री कोपऱ्यावर दिसली की संडासात जाऊन बसायचे. ती बाहेर उभी राहून त्यांच्याशी दाराआडून बोलायची, आणि शेवटी ते आतूनच "दे दिया, जिज्जी, कमरा दे दिया" म्हणायचे. नगरपालिकेच्या रैन बसेऱ्यात, म्हणजे रात्रीच्या निवाऱ्यात, मात्र ती नाइलाज झाला तरच कोणाला पोचवायची. "तिथे पाठ टेकते," म्हणायची. "दही लागत नाही."

पुढे माझं लग्न झालं, घर झालं. जिज्जी यायची, पण बसायची नाही. एक चप्पल काढलेली, एक पायात, अशी उंबऱ्यात उभी. दिवाळीचा फराळ समोर ठेवला तर म्हणे, "डब्यात घाल. घरी जाऊन खाते." मी सोडायला निघालो की हात झटकायची. "तू जा परत. मला इथून जवळ आहे." झाशीत तिला कुठेही भेटा, सदर बाजारात, स्टेशनाबाहेर, नाहीतर बिजौलीच्या कारखान्यांपाशी धुरात. तिचं घर तिथून जवळच असायचं.

त्या घराबद्दल आम्हा मराठी मंडळींना खात्री होती. इथे आमची घरं मोजकी, सगळ्यांचे पणजोबा कोणाच्या तरी फौजेबरोबर नाहीतर पोथ्या घेऊन आलेले. तेव्हा जुन्या माणसाला जुनं घर असणारच, हे आम्ही धरूनच चालतो. कोणी म्हणे, तिचे लोक गुरसरायच्या जहागिरीतले, तिकडून इमारतच मिळालीय. कोणी म्हणे, लक्ष्मी ताल म्हणतात त्या तलावाच्या मागे आहे, दारात आंबा आहे. त्या घरात एक विहीर मी स्वतः खोदली आहे. एका लग्नाच्या पंगतीत दोन गायीही बांधल्या. लोकांनी मान डोलावली. तीही शेजारच्या पानावर बसली होती. हसली आणि मठ्ठा मागितला.

तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, आमच्याबरोबर तुम्हीही फसावं असं काही नाही. जिज्जीला घर नव्हतं. लक्ष्मी तालाच्या पलीकडे एका गल्लीत तळमजल्यावर तिची भाड्याची एक खोली होती. म्हातारे मालक होते तोवर ठीक चाललं. ते गेले, आणि मुलांनी मकान एकेक खोली करून विकायला काढलं. पुढचं सगळं त्या एका खोलीबद्दल आहे.

गेल्या थंडीत ती आमच्याकडे आली. उंबऱ्यात, एक चप्पल काढून.

"एका बाईसाठी खोली बघायची आहे रे," ती म्हणाली. "एकटी आहे. स्वैपाक स्वतः करते. आवाज करत नाही."

आता तुम्हीच सांगा. 'आवाज करत नाही' हे ऐकल्यावर मला कोणाचीही शंका आली असती, पण हिची कशी येणार?

माझी बायको आतून म्हणाली, "वय काय गं तिचं?"

"माझ्याएवढी."

"मग कठीण आहे, जिज्जी. आजारी-बिजारी पडली तर मालकाने कोणाला हाक मारायची? मागे कोणीतरी हवं."

"हो ना. सगळे तेच म्हणतात," जिज्जी म्हणाली.

"पण तू आहेस की," मी म्हणालो. "तू नुसतं म्हण, मी ओळखते हिला. तुझ्या शब्दावर कलेक्टरसाहेब बंगला रिकामा करून देतील."

"ह्या वेळेला तसं नाही चालत."

"का नाही चालत?"

"नाही चालत रे." तिने चप्पल पायात सरकवली. "तू बघशील का, सांग."

मी बघितलं. अशी कामं मला आवडतात, बोलायला मिळतं. मी त्या अनोळखी बाईचं असं वर्णन करत हिंडलो की कोणालाही वाटावं, साक्षात देवी भाड्याने राहायला येते आहे. दारोदार एकच उत्तर. "अकेली? बुज़ुर्ग? ना भैया, बुरा मत मानना." एका गृहस्थांनी तर मला चहा पाजला, बिस्किटं दिली, आपल्या आईच्या आठवणीने डोळे पुसले, आणि खोली नाही म्हणाले.

मध्ये जिज्जी एकदा मंडईत भेटली. मुळे निवडत होती.

"त्या बाईला घेऊन ये ना," मी म्हणालो. "लोकांना माणूस दिसलं की फरक पडतो."

"ती नाही यायची. तिला लाज वाटते."

"कसली लाज?"

"आयुष्यभर तिला कोणी विचारलं नाही, कुठे राहतेस. आता आपण होऊन काय सांगायचं?" मग मुळा माझ्या पिशवीत टाकून म्हणाली, "हा कोवळा आहे, ने."

शेवटी खोली मिळाली. आमच्या दफ्तरातल्या एकाची चाची, बिजौलीच्या रस्त्याला एकटीच राहते, तळमजला रिकामा. तिला सोबत हवी होती. फक्त म्हणाली, एकदा येऊन भेटून जाऊ दे. मी जिज्जीला पत्ता दिला. तिने नीट ऐकून घेतलं. शेजारी कोण, पाणी किती वाजता येतं, ओटा आहे का, सगळं विचारलं. "सांगते तिला," म्हणाली. तिचा आवाज त्या दिवशी इतका खाली होता की शेजारच्या माणसालाही ऐकू गेला नसता. मला वाटलं, सर्दी असेल.

आठवडा गेला. मी चाचीकडे डोकावलो.

"आई थीं एक," चाची म्हणाली. "पैरों में मर्दानी चप्पल. एक बाहर ही उतारी, एक पहने रहीं. बोलीं, किसी और के लिए देखने आई हूँ. कमरा देखा. खिड़की खोल के देखी, बंद की, फिर खोली. मैंने कहा, ले आइए उनको. तो बोलीं, बहन जी, सच कहूँ, उस औरत का कोई नहीं है. कल को कुछ हो गया तो आप अकेली परेशान होंगी. मैंने कहा, क्यों, आप तो हैं न उनकी जान-पहचान की?"

"मग?"

"फिर क्या. खिड़की बंद कर दी. मैं चाय रखने अंदर गई, लौटी तो नहीं थीं."

मी चाचीच्या दारातूनच मागे फिरलो, बोलायला न थांबता. माझ्या घरच्यांना हे सांगितलं तर ते अजूनही विश्वास ठेवत नाहीत.

सगळ्या झाशीसाठी ती खोटं बोलली. दहा मिनिटांच्या ओळखीवर चोरांना सज्जन केलं, मला 'इतना सा था तब से' ओळखलं. स्वतःसाठी मात्र तिच्याने तेवढं एक खोटं बोलवलं नाही. उलट घरमालकिणीलाच सावध करून आली.

त्यानंतर मी जे हिंडलो त्याची हकिकत फार काही रंगत नाही. रैन बसेऱ्यात पाहिलं. धर्मशाळेत गेलो, तर मॅनेजर चांगले बाहेर खुर्चीत बसलेले होते. म्हणाले, जिज्जी बऱ्याच दिवसांत नाही आल्या, सब ठीक तो है? फुकटवाले वकील डबा पूर्ण जेवले होते आणि त्यांनाही ते बरं वाटत नव्हतं. गुरसरायला माणूस पाठवला. तिकडे तिचं कोणी नाही, कधी नव्हतंच. कोणी म्हणालं, ग्वाल्हेरला एक मावसभाची आहे. कोणी म्हणालं, ओरछ्याला घाटावर दिसली. झाशीतले लोक माझ्याहून जास्त वाढवून सांगतात, हे मला तेव्हा कळलं.

पण त्या पहिल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. चाचीकडून मी तडक लक्ष्मी तालाकडे गेलो. महालक्ष्मीच्या देवळापाशी हार विकणाऱ्या बाईला खुणा सांगितल्या. आंबा, विहीर, गायी यांपैकी काही नाही, नुसत्या चपला आणि छत्री. तिने ओळखलं. तलावाच्या पलीकडे बोट दाखवलं.

गल्ली साधीच होती. उन्हात खाटा टाकलेल्या, दोऱ्यांवर रजया. सांगितलेल्या दाराला कुलूप. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. खोली झाडून स्वच्छ केलेली, भिंतीला एक खिळा.

समोरच्या ओट्यावर एक बाई मटार सोलत बसली होती. मी तिला विचारलं, इथे राहणारी बाई कुठे गेली.

"गईं. ठेला आया था, सामान ले गया."

"कधी? कुठे?"

"ये तो पूछा नहीं."

मग मी ओरडायला लागलो. मोठ्याने, अगदी मोठ्याने. अरे, इतकी वर्षं तुमच्या समोर राहिली, झाशीत असा माणूस नाही ज्याला ती ठाऊक नाही, आणि तुम्ही विचारलं नाही, कुठे चाललात? मी मराठीत ओरडत होतो की हिंदीत, मला आठवत नाही. वरच्या दोन-तीन खिडक्या उघडल्या. लोकांनी माझ्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. कोणाला काही कळलं नाही.

मी थांबल्यावर मटारवाल्या बाईने मांडीवरची सालं झटकली.

"कमरा देखना है क्या?" ती म्हणाली. "चाबी ऊपर से मिलेगी."