माझ्या नावावर भरलेली कारणं

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर माझं नाव लाल अक्षरांत होतं. नावापुढे मशीन बंद पडल्याच्या तीन ओळी. तिन्हींत एकच कारण: ऑपरेटर जागेवर नाही.

सकाळची मीटिंग. वीसेक माणसं, बाई मी एकटी. शिफ्ट इन्चार्ज साहेबांनी पेननं माझ्या नावावर टकटक केलं. म्हणाले, "कोट्यातले लोक घेतले की हे असं होतं."

सगळे हसले. माझ्यासोबत डबा खाणारेही हसले.

हा खाजगी कारखाना. इथं कोटा नाही. कुरखेड्याकडच्या आमच्या गावातून येऊन मी गडचिरोलीला आयटीआय केलं. चंद्रपूरजवळच्या या लोखंडाच्या कारखान्यात परीक्षा देऊन लागले. पहिल्या दिवशी साहेबांनी आडनाव विचारलं. मग म्हणाले, "म्हणजे जयभीमवाले." बस. तेव्हापासून त्यांना माझं काम दिसलंच नाही.

मी कोळशाचा पट्टा चालवायची. पट्टा थांबला की कॉम्प्युटर वेळ आपोआप टिपतो. कारण ऑपरेटरनं भरायचं, स्वतःच्या पासवर्डनं. माझा पासवर्ड साहेबांनी पहिल्याच आठवड्यात मागून घेतला. "तुला जमणार नाही, मी भरत जाईन." मी दिला. त्याची लाज मला आजही वाटते.

पट्टा थांबत होता बेअरिंग तापून. दरवेळी मी साहेबांना सांगायची. बेअरिंग लिहिलं तर दुरुस्ती का केली नाही, याचा जाब साहेबांना द्यावा लागला असता. म्हणून ते मला गैरहजर करत होते. मी मशीनजवळ उभी, आणि कॉम्प्युटरात मी नाही.

मीटिंग संपली, मी परत पट्ट्यावर गेले.

चार दिवसांनी भर दुपारी बेअरिंग जाम झालं. पट्टा फाटला. त्याचं टोक देवाजीभाऊंच्या खांद्यावर बसलं. ते खाली सांडलेला कोळसा ओढत होते. म्हातारा माणूस. हाड मोडलं. गाडीत घालताना मला म्हणाले, "बाई, तू तं सांगतलं होतं ना त्यायले?"

सांगितलं होतं. पण लिहिलेलं कुठंच नव्हतं.

मी पळत कंट्रोल रूममध्ये आले. साहेब माझ्या नावानं कारण भरत होते: ऑपरेटरनं पट्टा वेळेत थांबवला नाही.

"उठा. खुर्ची माही हाय."

ते उठले नाहीत. मी कीबोर्ड ओढून घेतला. उभ्या उभ्या त्यांची ओळ पुसली आणि माझी लिहिली. बेअरिंग जाम. तीनदा सांगूनही दुरुस्ती नाही. कामगार जखमी. मग पासवर्ड बदलला.

"काढ ते," साहेब म्हणाले.

"नाई काढत."

"उद्यापासून येऊ नकोस मग."

"कागदावर लिहून द्या. काऊन काढलं, तेही लिहा."

कागद काही दिला नाही. मला फाटकावर बसवलं, ट्रकच्या पावत्या बघायला. देवाजीभाऊंचा हात अजून वर जात नाही. कंपनी मात्र त्या जुन्या तीन ओळी दाखवून दोष माझ्यावरच टाकते.

पण कोणती ओळ कुठल्या कॉम्प्युटरवरून भरली, हेही कॉम्प्युटरात राहतं. त्या तिन्ही साहेबांच्या केबिनमधून भरलेल्या आहेत. ती नोंद मी लेखी मागितली आहे. कारखाना निरीक्षकांकडे तक्रारही दिली आहे.

परवा कंपनीचा निरोप आला: माफी लिहून दे, जुनी जागा परत घे. सोबत टाइप केलेला कागद, फक्त सही करायची. मी तो फाडला.

सोमवारी निरीक्षकांपुढे चौकशी आहे. साहेब समोर असतील. देवाजीभाऊंचा खांदा कोणामुळे मोडला, ते मी तिथं त्यांच्या तोंडावर, त्यांचं नाव घेऊन सांगणार आहे.