न आलेल्या मशीनचे हप्ते

दान केलं की मन निवतं, असं कीर्तनात सांगतात. माझं एकदाही निवलं नाही. ओळख ना पाळख अशा सात बायांना मी जुन्या शिलाई मशीन घेऊन दिल्या, बिनव्याजी, महिन्याला दोनशे रुपये फेड. सातही वेळा मनात एकच होतं, त्या साहेबाचं नाक ठेचायचं. पुण्याचं काय व्हायचं ते होवो.

साहेब म्हणजे आमच्या भागातला पुढारी. नऊ वर्षांमागे त्याच्या वाढदिवसाला पाटोद्यात मांडव पडला. 'गरजू महिलांना शिलाई मशीन वाटप.' माझा नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. अकरा बायांच्या यादीत माझं नाव होतं. मांडवात जाऊन बघते तर मशीन एकच, नवीकोरी, हार घातलेली. एकेकीला बोलवायचे, तिचा हात मशीनवर ठेवायचे, साहेब शेजारी उभा, की फोटो. मागून साहेबाचा माणूस फोटोवाल्याला ओरडतोय, "उरक की बे!" आणि फोटोवाला मला म्हणतो, "ताई, हसू नका. जरा गरजू दिसा."

मी दिसले. अजून आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

अकरा फोटो झाले आणि ती एक मशीनसुद्धा टेम्पोत चढली. साहेबाचा माणूस म्हणाला, "सगळ्यांना एकदमच देऊ. बाकीच्या मागनं येत्यात, गाडी निघालीय." मशीन आली नाही. फोटो तेवढा आला. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर साहेबाचं तोंड बैलगाडीच्या चाकाएवढं, आणि खाली आम्ही अकरा जणी लाडवाएवढ्या.

मी तेव्हा एका टेलरच्या दुकानात साड्यांना फॉल लावून पोट भरत होते. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक सुरू, "फुकटात मशीन मिळाली की तुमाला. मंग फॉलचे इतके पैसे कावून?" नाही मिळाली म्हटलं की लोक फ्लेक्सकडे बोट दाखवायचे. सरकारी योजनेतून मशीन मिळते म्हणून एका कचेरीत अर्ज घेऊन गेले, तर तिथला कारकून म्हणतो, "तुमाला एकदा लाभ झालाय, बाई. चौकातच हाय की पुरावा." धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. इथं गायच आली नव्हती आणि शेण मात्र माझ्या अंगणात पडत होतं. मुडदा बशिवला त्याचा! दीड वर्ष पोटाला चिमटा घेऊन मी एक जुनी मशीन स्वतःच्या पैशानं घेतली आणि घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडलं.

तिथंच एक दिवस ती आली. नांदूरघाटाकडची, पंचविशीतली, पाटोद्याला पाहुण्यांच्या लग्नाला आलेली. ब्लाउज उसवला होता. मी टाके घालतेय आणि ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघतेय.

"आक्का, तुमी माझ्या डाव्या अंगाला हाव," ती म्हणाली.

"कुठं गं?"

"फ्लेक्सवर."

मग तिनं सगळं सांगितलं. मशीन मिळाल्याचा फोटो तिच्याही गावात पोचला होता, मशीन काही पोचली नव्हती. सासूनं सरळ आळ घेतला, की हिनं मशीन परस्पर विकली आणि पैसे माहेरी भावाला दिले. "जेवायला बसले की म्हणती, मशीन खाल्लीस, आता भाकर कशाला खातीस? साऱ्या गावात मला चोर म्हणती. मालक बी गप ऐकून घेत्यात." हे सांगताना ती रडलीसुद्धा नाही. सवय झाली होती तिला, आणि त्याचाच मला लई संताप आला.

पत्रे बदलायला म्हणून मी तीन हजार रुपये डब्यात जमवले होते. तो डबा काढला, तिला घेऊन जुन्या मशीन विकणाऱ्याकडे गेले आणि चांगली चालती मशीन बघून दिली. "महिन्याला दोनशे देत जा. व्याज नको. बुडवलेस तर तुझ्या सासूच्या आधी मी येईन भांडायला." ती बघतच राहिली. तिला वाटलं असेल, कोण ही देवमाणूस. देवमाणूस कसली! माझ्या डोळ्यापुढे ती नव्हतीच, ते चाकाएवढं तोंड होतं.

एक अट मात्र घातली. आमच्याकडे निवडणुकीत मत पक्कं करायला माणसाच्या हातावर देवाचा भंडारा ठेवून शपथ घ्यायला लावतात. भंडारा उचलला की माणूस बदलत नाही. मी तिच्या हातावर तीच हळद ठेवली आणि म्हटलं, "माझं नाव कुणाला सांगायचं न्हाई. मेलीस तरी न्हाई." त्यानं न दिलेलं अख्ख्या जिल्ह्याला दाखवलं होतं. मी दिलेलं माझ्या सावलीला कळू देणार नव्हते. यात माझा दिमाख किती होता ते आता कळतंय, तेव्हा मला तो मोठेपणा वाटायचा.

दोरे-अस्तर न्यायला आली की ती दोनशे रुपये ठेवून जायची. पहिल्यांदा ठेवले तेव्हा जे सुख झालं ते कुठल्या देवळात झालं नव्हतं. साहेबाला एक सणसणीत बसली, असंच वाटलं. पंधरा हप्ते झाले, पंधरा बसल्या. चटकच लागली मला.

मग बाकीच्यांच्या मागे लागले. फ्लेक्स एव्हाना एकाच्या कडब्याच्या गंजीवर गेला होता. त्याच्याकडून खालची लाडवांची पट्टी कापून आणली आणि आठवडी बाजारात दाखवत फिरले, "हिला ओळखता का?" कुणाला वाटलं मी पोरीला स्थळ बघतेय, कुणाला वाटलं पोलिसांची बाई. एक तर उठून पार कडा गावाला राहायला गेली होती, तिथवर गेले. उरलेल्या नऊजणींपैकी दोघी सापडल्याच नाहीत, एकीनं दारातूनच हाकललं, "आता कुठला फोटो काढताय?" म्हणाली. बाकीच्या सहा जणींना एकामागून एक मशीन दिल्या. एकीची फेड अर्ध्यावर आली की त्यात माझ्या शिलाईचे पैसे घालून दुसरीची. सगळ्यांनी भंडारा उचलला, आणि सगळ्यांनी पै न पै फेडली. एकीनं तर शेवटच्या हप्त्याबरोबर शेंगदाण्याची चटणी आणली होती, ती इतकी तिखट की दोन दिवस पोट धरून बसले.

माझ्या जावेपासून काही लपत नाही. ती एकदा म्हणाली, "अगं, पर त्या साहेबाला ह्यातलं काय ठाऊकच न्हाई. मंग ह्यो सूड कसला?"

"अकरा पुऱ्या होऊ दे," मी म्हटलं, "सगळ्यांना घेऊन त्याच्या दारात उभी राहते का न्हाई बघ."

तेवढ्यात साहेबच उभा राहिला, निवडणुकीला. गल्लीतून रिक्षा फिरली, भोंगा ओरडत होता, की साहेबांनी दिलेल्या मशीनवर ज्यांचे संसार उभे राहिले त्या भगिनींचा जाहीर सत्कार होणार. हातातली कात्री आपटली मी. त्याचा माणूस म्हणे गावोगाव फिरला होता आणि घरोघरी त्याला ऐकायला मिळालं होतं, "हो, आली की साहेबांची मशीन." माणसाला वाटलं साहेबानं पाठवल्या, साहेबाला वाटलं माणसानं. कुणी विचारायच्या भानगडीत पडलं नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला बसला मेला!

नांदूरघाटची दोरे न्यायला आली तशी मी तिच्यावर धावूनच गेले. "घरी काय सांगितलंस तू?"

"साहेबांची मशीन आली म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "दुसरं काय सांगणार, आक्का? चोरीचा आळ कसा गेला असता? तुमचं नाव घ्यायची सोय तुमीच ठेवली न्हाई."

सातही घरांत हेच झालं होतं. माझ्या गुप्तदानात एक मोकळी जागा होती, आणि तिथं तो जाऊन बसला होता. मी तिला म्हटलं, घे आता खुशाल माझं नाव, शपथ सोडवते मी. तर म्हणते, "भंडारा कुठं सोडवता येतोय, आक्का?"

सत्काराला माझंही नाव होतं. गुडघे दुखतात सांगून मी मागच्या खुर्चीवर बसले. बोलायच्या तयारीनं गेले होते, उभं राहून सगळं ओकायचं म्हणून. पण पहिल्या रांगेत तिची सासू बसली होती, मानाच्या खुर्चीवर, पदर सावरून. मी तोंड उघडलं तर साहेब उघडा पडणार होता, पण त्याच्याआधी ती पोरगी खोटी पडणार होती. पुन्हा तेच, मशीन कुठून आणली, पैसे कुठून आले, कुणाकडून. नऊ वर्षं जपलेला सूड असा घशात आला आणि मला तो गिळावा लागला.

सातही जणी व्यासपीठावर ओळीनं उभ्या होत्या, ती पहिली. तिला शाल आणि नारळ मिळाला. साहेबाच्या माणसानं तिच्यापुढे माईक धरला, "बोला ताई, मशीन मिळाल्यावर काय वाटलं?"

तिनं माईक स्वतःच्या हातात घेतला. मग म्हणाली, "साहेब, माझी मशीन अजून आली न्हाई. फोटोतली. ती कवा येणार?"

माणसानं माईक ओढला, तो तिनं सोडला नाही. पुढून सासू उठून ओरडली, "आगं, मंग घरात हाय ती कुणाची?"

"ती माझी हाय," ती म्हणाली. "उसनवारीनं घेतली, शिवून शिवून फेडली. कुणाच्या बापाची न्हाई."

मग शेजारची म्हणाली, "माझी बी अजून आली न्हाई, साहेब." मग तिसरी. मग खालून हशा उठला, शिट्ट्या झाल्या, आणि अख्खा मांडव बघायला उभा राहिला. मी ठेंगणी. खुर्चीवर चढले तरी पुढच्यांचे फेटे आणि टोप्याच दिसत होत्या! ज्या तोंडासाठी इतकी वर्षं काढली, ते पडलेलं तोंड मला दिसलंच नाही. माणसं पांगेपर्यंत साहेबाची गाडी निघूनसुद्धा गेली होती.

संतापून मी स्टँडवर गेले. ती सासूबरोबर गाडीची वाट बघत बसली होती. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "तोंड कसं झालतं गं त्याचं? नीट सांग."

"कुणाला ठाऊक, आक्का. मी तुमच्याकडंच बघत होते. न्हाईतर दातखीळ बसली असती माझी."

कपाळाला हात लावला मी. सासूनं ते ऐकलं असावं. मान वर न करता म्हातारी म्हणाली, "त्याच्या तोंडाचं काय घेऊन बसलाव, बाई. मला माझंच कुठं लपवू झालतं."

दोन वर्षं ज्या तोंडानं पोरीला चोर म्हटलं, ते तोंड मी नीट बघून घेतलं. हा सूड माझा नव्हता, त्या पोरीचा होता, तरी मला लई गोड लागला. उगाच खोटं कशाला सांगू? कुणाला माफ करावं असं त्या दिवशी मनात आलं नाही, आणि अजूनही येत नाही.

गाडीला वेळ होता. मी टपरीवाल्याला हाक मारून दोन चहा सांगितले. आम्ही तिघी होतो.