मनिषाच्या घरचा पियानो

चुडाव्याच्या मनिषाला नर्सिंग शिकताना मिशनच्या दवाखान्यात पियानोचा नाद लागला. तिथल्या म्हाताऱ्या सिस्टरनं बोटं धरून शिकवलं होतं. पुढं नोकरी, लग्न, लेकरं झाली, पण तो नाद काही सुटला नाही. मागच्या वर्षी तो दवाखाना बंद पडला आणि हिनं तिथला पियानो मागून आणला. टेंपोतून उतरवायला अर्धी गल्ली लागली.

"वहिनी, हे कपाट हाय का काय?" गल्लीतल्या एकानं विचारलं.

"कपाटच की. हिचं येड ठिवायला आणलंय," नवरा धम्मपाल म्हणाला, पण सगळ्यात जड बाजू त्यानंच धरली होती.

सासू सुलाबाईंना ते काळं, चकचकीत लाकूड लय आवडलं. मनिषा ड्यूटीवरून आली तर पियानोवर पांढरं कापड, त्यावर बुद्धमूर्ती, फुलं, मेणबत्ती. घरातली सगळ्यात चांगली जागा त्यांनी तथागतांना दिली होती. मनिषा हौसेनं स्टुलावर बसली, पितळी पेडलवर पाय ठेवला.

"अगं! मूर्तीच्या म्होरं उंचावर बसून पाय हलवायलीस?"

ती उठली. दवाखान्यात बाळंतिणींच्या सासवांना दटावणारी ही बाई, पण मूर्ती हलवा म्हणायला तिची जीभ रेटेना. रोज पियानो पुसायची आणि वंदनेला सगळ्यांसोबत खाली चटईवर बसायची.

एका सकाळी सुलाबाई स्वयंपाकघरात आल्या. कुकरच्या शिट्टीची वाट बघत मनिषाची बोटं ओट्याच्या कडेवर चालली होती. खाली पायही हळूच दाबत होता.

"हे काय करायलीस?"

"वंदनेची चाल, आत्याबाई. बोटं विसरू नयेत म्हणून."

दुपारी सुलाबाईंनी धम्मपालकडून बाजूच्या भिंतीवर उंच फळी ठोकून घेतली आणि मूर्ती स्वतःच्या हातानं वर नेली.

"आता तुझे पाय तिकडं न्हाईत. बस."

संध्याकाळी मनिषानं चाल धरली. दोन-चार पट्ट्या मुक्या होत्या, तरी घर भरून गेलं. सुलाबाई हात जोडून म्हणू लागल्या. दम्यामुळं त्यांचा आवाज दर वंदनेला मधेच तुटायचा. आजही तुटला. पण त्यांनी पुढची ओळ धरेपर्यंत पियानोचा सूर खोलीत तसाच रेंगाळत राहिला.

वंदना संपल्यावर त्यांनी विचारलं, "मी थांबले तरी ते थांबलं न्हाई. कशानं गं?"

"पेडलनं. पाय दाबला की सूर लांबतो."

सुलाबाईंनी फळीवरच्या मूर्तीकडं बघून पुन्हा हात जोडले.

"मग उद्या बी दाब. मला दम घिऊ दे."