ते कपाट कुणाचं?

मी जात्याच संशयी. आमचे हे म्हणतात, हिला देवाचा प्रसाद दिला तरी आधी वास घेऊन बघेल. बघते, त्यात काय चुकलं? भाजीवाल्यानं मूठभर मिरच्या वरून टाकल्या तरी मी घरी आल्यावर पिशवी उलटी करून तळाला सडकं काही घातलंय का ते पाहते. त्यामुळं लेकीच्या बाळंतपणाला कतारला, दोह्याला गेले आणि तिच्या घरातल्या त्या खणांच्या कपाटावर माझी नजर गेली, तेव्हा दोष नजरेचा नव्हता. तिथं पाणी मुरतच होतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. लेक-जावई अल अझीझियाला एका फ्लॅटमध्ये राहायचे. खिडकीतून बघावं तिकडं क्रेन आणि धूळ. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आता कुठं दिवस राहिले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. मी फोनवर सांगून सांगून थकले. तिचं एकच, "आई, इथले डॉक्टर माझी केस ओळखतात." पहिलटकरणीची कसली आलीय केस? तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. मग सातवा लागला, डॉक्टर विमानात बसू नको म्हणाले, तेव्हा मीच व्हिसा काढून गेले. पोरगी आणि बाळ सुखरूप एकमेकांपासून सुटावीत, एवढंच मागणं होतं. दोहा बघायची मला काही हौस नव्हती.

बॅगेत डिंक, अळीव, मेतकूट, माझ्या जुन्या सुती साड्यांची दुपटी आणि माझ्या मुलाच्या पोराची धुऊन धुऊन मऊ झालेली अंगडी-टोपडी. आमच्यात बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही आणत नाहीत. टाचणीसुद्धा नाही. जन्मल्यावरही अंगाला पहिलं कापड लागायचं ते जुनं, दुसऱ्या पोरानं वापरलेलं. आणि ते पोर धडधाकट असायला पाहिजे, कारण त्याचं आयुष्य याला लागतं. हे मी लेकीला लहानपणापासून ऐकवत आलेय. तिला पाठ होतं.

आणि गेले तर काय, लहान खोलीत भिंतीला लागून हे कपाट. हलक्या लाकडाचं, पाच खणांचं, पांढरा रंग दिलेलं, हात लावला की डुगडुगणारं.

"हे काय गं? आधीच आणून ठेवलंत?"

"नवं नाहीये आई," ती लगेच म्हणाली. फारच लगेच. "सेकंडहँड आहे. तुझ्या रीतीत बसतं."

बसतं खरं. जुनं चालतं. पण मग पुढचा प्रश्न आलाच ना, जुनं कुणाचं? कुठल्या पोराचे कपडे होते त्या खणांत? ते पोर खातंपितं, खेळतंय ना? मी जावयांना विचारलं. ते म्हणाले, ऑफिसातला एकजण मदिनत खलीफाला राहायचा, तो नोकरी सोडून गेला, त्याचं. पुढं कधीतरी भाजी निवडताना लेकीला सहज विचारलं, तर ती म्हणाली, समैस्माला व्हिलात एक फॅमिली होती, त्यांचं. आता मदिनत खलीफा दोह्यात आणि समैस्मा उत्तरेला समुद्राकाठी. कपाट काही पाय फुटून तिकडनं इकडं आलं नव्हतं. दोघं मिळून मला बनवत होते, आणि धड ठरवून खोटंही बोलत नव्हते, याचा मला जास्त राग आला.

खोलीची थीम म्हणे जंगल. भिंत हिरवी, पडद्यावर पानं, आणि कपाटाला नवा रंग देऊन त्यावर प्राणी काढायचे. लेकीचा हात चांगला. माझ्याकडूनच आलाय, रांगोळीतून. तिनं ऑफिसातल्या प्रिंटरवर चित्रं छापून आणली होती. जिराफ, हत्ती, माकड आणि एक घुबड. मी म्हटलं, बाई, बाळाच्या उशाशी घुबड कोण बसवतं? ती हसली आणि घुबड बाजूला ठेवलं. मग मी म्हटलं, त्यापेक्षा आपला पोपट काढ.

आमचा पोपट म्हणजे माझ्या आईचा. सगळ्या जगाच्या रांगोळीत पोपटाच्या चोचीत पेरू नाहीतर डाळिंब असतं, आमच्या पोपटाच्या चोचीत मिरची. आई म्हणायची, गोड खाऊन पोपट गोड बोलतो आणि पिंजऱ्यात जातो. म्हणूनच आमच्या घरच्या बायका अशा तिखट, असं आमचे हे म्हणतात. लेकीला मी तो शेपटीकडून काढायला शिकवला, हात न उचलता, शेवटी मिरची. दिवाळीत आमच्या दारात तोच असायचा.

"पोपट नको," ती म्हणाली.

"का गं? जंगलात पोपट नसतात?"

"नको म्हटलं ना आई." आणि उठून आत गेली.

माझी लेक मला असं कधी बोलत नाही. मी मनात नोंद केली. नोंदी वाढतच होत्या. कपाटाचे वरचे चार खण सुरळीत उघडायचे, तळाचा उघडायचा नाही. मी ओढून पाहिलं तर म्हणाली, अडकलाय, राहू दे. रंगाचं साहित्य आलं त्यात पॉलिशपेपर होता. मी म्हटलं, तू पोटुशी, धुळीत बसू नकोस, जुना रंग मी घासून काढते. तर ती म्हणाली, "घासायचं नाही. फक्त वरून रंग मारायचा." अहो, जुना रंग न घासता नवा धरतो का कधी? हे तिला कळत नव्हतं असं नाही. रंगाखाली काहीतरी होतं, जे मी बघू नये असं तिला वाटत होतं. मी गुपचूप मीठ-मोहऱ्या घेऊन कपाटावरून ओवाळल्या. जावयांनी दारातून पाहिलं आणि ते पाऊल न वाजवता मागं फिरले. तेही संशयास्पदच.

खालच्या मजल्यावर वसईची एक नर्स राहायची, ख्रिश्चन. त्या बिल्डिंगमध्ये मराठीत दोन शब्द बोलावं अशी तेवढीच. मी थालीपीठं घेऊन गेले. तिनं कौतुकानं खाल्ली, मला काळा चहा दिला. मग मी विषय काढला. "तू नर्स. तुला या बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरांची माहिती. आमच्याकडं जे कपाट आलंय, ते ज्यांचं होतं, त्यांचं मूल बरं आहे ना?"

तिचा हात थालीपिठावरच थांबला. "कपाट माझ्याकडं होतं मावशी. मी फक्त ठेवून घेतलं होतं."

"कुणाचं?"

"ते मला नका विचारू. लेकीला विचारा." आणि तिनं गळ्यातल्या क्रूसाला हात लावला.

मला आणखी काय सांगायला पाहिजे होतं? मदिनत खलीफा खोटं, समैस्मा खोटं. कपाट ज्या कुणाचं होतं, त्यांचं मूल गेलं होतं. आणि ते खण आता माझ्या नातवंडाचे कपडे ठेवायला पुसून ठेवले होते. मी तरातरा जिना चढले. भीती होती आणि रागही होता. लोकांना आपल्या हातानं घरात काय आणावं कळू नये?

त्या रात्री जेवताना मी बोललेच. "मला सगळं कळलंय. ज्या घरातलं पोर वाचलं नाही, त्या घरातलं लाकूड मला माझ्या नातवंडाच्या खोलीत नको. अपशकुनी ते अपशकुनीच, त्याच्यावर हत्ती काढा नाहीतर जिराफ. उद्याच्या उद्या खाली नेऊन टाका."

लेक अर्ध्या भाकरीवरून उठली. सातव्या महिन्यातली बाई ताटावरून उठते, हे काही बरं नाही. मी तिला हाक मारणार तोच जावई तिथल्या अरबांसारखे म्हणाले, "खलास, आई. आता पुरे." गरीब माणूस, मला कधी उलट शब्द बोललेला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं तपासणीला गेले. मी एकटीच घरात. मी ठरवलं, आज सोक्षमोक्ष. रंगाखाली कुणाचं नावगाव असेल, काही खूण असेल, ती मी यांच्यासमोर धरणार, मग बघू कशी पळवाट काढतात. कपाट ढकलत ढकलत बाल्कनीत नेलं, तोंडाला पदर बांधला आणि भिंतीकडच्या बाजूला पॉलिशपेपर लावला.

पांढरा रंग पातळ होता, घाईत मारलेला. त्याखाली हिरवं निघालं. वेल होती. पानं अगदी बारकाईनं काढलेली, शिरांसकट. मी म्हटलं, चला, हेही जंगलच. तिथंही कुणी आई होतीच. पहिल्यांदा मला त्या बाईची कीव आली, जी कोण ते मला माहीत नव्हतं. मी घासत वर गेले. वेलीवर एक शेपटी निघाली, लांब, टोकाला वळलेली. मग पंख. मग डोकं. चोचीपाशी पांढरा रंग जाड बसला होता, तो मी नखानं काढला.

चोचीत मिरची होती.

मी तिथंच फरशीवर बसले. पॉलिशपेपर हातात तसाच. सगळ्या दोह्यात दुसरा कुणाचा पोपट मिरची खातो?

ती दोघं आली तेव्हा मी बाल्कनीतच होते. तिनं मला पाहिलं, पोपट पाहिला. जावयांनी तिच्यासाठी खुर्ची आणली आणि ते मागं उभे राहिले.

"कधी?" मी विचारलं.

"तीन वर्षं झाली. पाचवा चालू होता." ती माझ्याकडं न बघता पोपटाकडं बघून बोलत होती. "फोनवर सांगायचं नव्हतं मला. सुट्टीत घरी येऊन तुझ्यासमोर उभी राहणार होते. तुझा चेहरा बघायचा होता."

तीन वर्षांपूर्वी मध्ये एकदा तिचा बरेच दिवस फोन नव्हता. मग आला तेव्हा आवाज बसलेला. फ्लू झालाय, सुट्टी पण कॅन्सल केलीय म्हणाली. मी तिला हळद घालून दूध पी म्हणून सांगितलं होतं.

"आणि नंतर? नंतर तरी सांगायचं होतंस. मी परकी आहे का?" माझा आवाज चढला. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. माझी पोर परदेशात एकटी त्यातून गेली आणि मी इकडं निवांत लोणची घालत बसले होते.

"सांगितलं असतं तर तू पहिलं काय विचारलं असतंस?" ती म्हणाली. "आधी काही आणलं होतंस का. आणि मी हे कपाट आणलं होतं आई. नवं. दुकानातून."

विचारलंच असतं. अगदी हेच विचारलं असतं, अगदी पहिल्यांदा.

"टाकायला जमलं नाही," जावई म्हणाले. "मीच वरून पांढरा रंग मारला आणि खाली नर्सबाईंकडं ठेवलं. या वेळी हिला तेच हवं होतं. नवं म्हटलं असतं तर तुम्ही चिडला असता, म्हणून जुनं सांगितलं." मग म्हणाले, "तुम्हाला खरंच नको असेल तर आत्ता खाली नेऊन ठेवतो."

मी लेकीकडं वळून म्हणाले, "तो तळाचा खण उघड."

"अडकलाय."

"उघड म्हणते ना."

ती खुर्चीवरून वाकली, खणाला एका बाजूनं गुडघा दिला, जरा वर उचलला आणि ओढला. सवयीचा हात होता. आत कापडात गुंडाळलेली पिवळी अंगडी होती, हातानं शिवलेली, गळ्याला टाके घातलेली. टाके वाकडेतिकडे. शिवणात ती कधीच हुशार नव्हती.

"ही नवीच आहेत आई," ती म्हणाली. "कुणाच्या अंगाला लागलेली नाहीत. तुझ्या रीतीत नाही बसत."

मी आत गेले. नातवाची अंगडी मी येताक्षणी बॅगेतून काढून टेबलावर लावून ठेवली होती, ती उचलली आणि बॅगेत परत घातली. बॅगेची चेन ओढली. मग बाल्कनीत येऊन तिच्या हातातली पिवळी अंगडी घेतली.

"नवी कशानं?" मी म्हटलं. "थोरल्याची आहेत ना? धाकट्याला थोरल्याचीच घालायची असतात. आणि कपाट कुठं जायचं नाही, जावईबापू. थोरल्याचं आहे ते."

थोरलं म्हटल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं. तीन वर्षांत त्या पोराला कुणी नातं दिलं नव्हतं. मग ती रडली, आणि तिला गप्प हो असं मी कुणाला म्हणू दिलं नाही. जावई रेलिंगकडं तोंड करून उभे राहिले.

पुढं आम्ही कपाट रंगवलं. हत्ती आला, जिराफ आला, माकड आलं. घुबड मी येऊ दिलं नाही, उगाच कशाला. पोपटाच्या बाजूला मात्र ब्रश लावला नाही.

दिवस भरल्यावर नात झाली. दोघी सुखरूप सुटल्या. आंघोळ घालून आणल्यावर मी तिला पिवळं अंगडं घातलं. बाह्यांतून हात दिसेनात, मला दोन घड्या घालाव्या लागल्या. खालची नर्स बघायला आली होती, ती म्हणाली, मावशी, जरा मोठं होतंय.

मी म्हटलं, होणारच. थोरल्या भावंडाचं आहे.